कपाटातला चाळीसचा

फोंड्यात, वरच्या बाजारात, कायतानच्या दुकानी
फळीवर सहा होल्डर एका रांगेत.
तो एकेक बटण दाबतो
आणि माझा हात दर वेळी दुसऱ्याच बाईचा होतो.
साडेसहा हजारात चुन्यात बुडवून काढलेला,
चार हजारात सरकारी कचेरीतला,
सत्तावीसशेत
माझा.

"धवो व्हर गे बाय, सगळीं तोच व्हरतात.
उजवाड चड दिसता."

दिसतो, म्हणूनच नको.
आठ तास कुंडईच्या कारखान्यात
मी पांढऱ्या उजेडाखाली गोळ्या पाहते.
पट्टा सरकत राहतो.
तडा, ठिपका, उडालेला कोपरा,
की बोट उचलतं आणि बाजूला टाकतं.
असला उजेड घरी लावला
तर जेवताना सगुणच्या कपाळाकडे
बोट जाईल माझं.
बाजूला टाकण्यासारखं पुष्कळ आहे आमच्यात.
ते पिवळ्यात असू दे.

विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडून आणलाय:
साठचे सात, रोज पाच तास, दोन युनिटांवर जातात.
नऊचे सात,
एका युनिटाचा तिसरा हिस्साही नाही.
दोनदा तपासलाय. सवय.
कायतान मान डोलावतो. म्हणतो,
जुना दिवा म्हणजे रुपयातले पाच पैसे उजेडाला,
बाकीचे तापण्यात गेले.
वाया.

"आणि एक चाळीसचा हवा," मी म्हणते. "जुना. तारेचा."

रॉकेलचं रेशनकार्ड पुढे केल्यासारखं
तो माझ्याकडे पाहतो.

मग सांगावं लागतं.
मडकईत जूनपासून नवरात्रापर्यंत
भिंतींना घाम, वहाणांना बुरशी,
मिठाच्या बरणीत मिठाचं पाणी.
पुडीत ओल शिरली की तबला बोलत नाही.
शनिवारी देवळात भजनाला सगुण बसतो
आणि 'ना'च्या जागी असं काही निघतं
जसं दारावर ओलं पोतं आपटलं.
पेटीवाले भोबे एकदा नुसते खोकले होते.
तो खोकला आमच्या घरी आठवडाभर राहिला.
तेव्हापासून कपाटाच्या खालच्या खणात,
तबला आणि डग्गा यांच्या मधोमध,
एक दिवा रात्रंदिवस,
दार बंद करून.

"म्हणजे थंय उजवाड वाया," कायतान म्हणाला
आणि हसत शिडी लावली.

माळ्यावरून दोन निघाले,
नालीदार कागदात, माश्यांच्या ठिपक्यांचे.
त्याने कानाशी धरून हलवले. तार शाबूत.
छापील किंमत बारा रुपये.
त्याने वीस घेतले, एकेकाचे.

मडकईच्या बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसले,
पिशवीत नाही, हातात.
बांदोड्याच्या वळणावर हिशेब आपोआप झाला:
चाळीसचा, दिवसरात्र मिळून, रोजचं एक युनिट.
सातही नवे मिळून त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतात.
म्हणजे मी दारातून वाचवते
आणि कपाटातून सोडते.
हे सगुणला सांगितलं नाही.
बिल मीच भरते.

सात लागले. स्वयंपाकघर जरा लहान झालं,
पण पातेल्यातला रस रसासारखा दिसला.
सगुण म्हणाला, "बदललेस? कळलंच नाही."
ही पावतीच समजले मी.

रात्री साडेनऊला वीज गेली.
सात एकदम.
शेजारी फुर्तादोंकडेही,
रस्त्यावरही, खाजनापलीकडे दिसतं तेवढं सगळं.
मेणबत्ती शोधताना
हात कपाटाच्या दाराला लागला
आणि तिथेच राहिला.

मागून, अंधारातून, त्याने विचारलं,
"गेला का गं तोही?"

"गेला.
पण लाकूड अजून गरम आहे."